चौघांचं एकच खातं

आमच्या घरात फोन वरून खाली उतरायचा. दादा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला, म्हणून नवा फोन आधी त्याच्या हातात पडायचा. दोन-तीन वर्षांनी तो माझ्याकडे चिखलीला यायचा, माझा धाकट्या बहिणीकडे वडनेर भोलजीला जायचा आणि धाकटीचा डोणगावजवळच्या आमच्या खेड्यात आईकडे. आईपर्यंत पोचता पोचता काच तडकलेली असायची, आवाजाचं बटण आत गेलेलं असायचं आणि मागचं कव्हर मुळात कोणत्या रंगाचं होतं यावर आमच्यात वाद व्हायचा. तरी आई तो फोन शेजारणींना तोऱ्यात दाखवायची. माझ्या तिन्ही लेकरांच्या हातातून आलेला आहे, म्हणायची. शेजारणीच्या सुनेने डब्यातून काढलेला नवाकोरा फोन आणला होता, त्याचं आईला काडीचं कौतुक नव्हतं.

हा कार्यक्रम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला व्हायचा. आखाजीला आम्ही दोघी बहिणी माहेरी यायचो, दादा रजा टाकून यायचा. बाबांच्या नावाची घागर भरून झाली, पुरणपोळी अंगावर आली, की दुपारी ओसरीत सतरंजी टाकून आम्ही चौघं बसायचो. सिमचा कप्पा उघडायला टाचणी माझ्याकडे असायची. चिखलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोरे आणि हुक यांतच माझा जन्म चालला आहे, त्यामुळे एखादी टाचणी माझ्या पदराला खोचलेली असतेच. चार सिमं सतरंजीवर काढून ठेवायची, कोणाचं कोणतं यावरून भांडायचं आणि मग एकेक फोन एक पायरी खाली द्यायचा.

फोन पुसून कोरा करून द्यायची रीत आमच्यात नव्हती. शेजारून आलेली वाटी कोणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. फोनचंही आम्ही तसंच धरलं होतं. दादाने कंपनीच्या बससाठी लावलेला पाच चाळीसचा गजर माझ्याकडे आला, माझ्याकडून धाकटीकडे गेला आणि शेवटी आईकडे पोचला. कोणालाच तो काढून टाकावासा वाटला नाही. आई त्या गजरावर उठायची, चूल पेटवताना म्हणायची, दादाची बस आली. दादा तोवर कंपनीत मोठा झाला होता आणि स्वतःच्या गाडीने आठ वाजता निघत होता, पण आईकडे त्याची बस रोज वेळेवर यायची.

यातूनच आमच्या हातून एक गोष्ट घडली, जिला शहाणी माणसं चूक म्हणतील. पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दादाने एक खातं उघडलं होतं. तो फोन माझ्याकडे आला तेव्हा खातं तेच राहिलं आणि दादाने नव्या फोनातही तेच घातलं. पुढे धाकटीकडेही तेच, आईकडेही तेच. घराला रेशनकार्ड एक असतं, तसं फोनचं खातंही घराला एकच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पासवर्ड म्हणून आमच्या जुन्या बैलाचं नाव होतं. ते कोणी विसरणं शक्य नव्हतं.

खातं एक, म्हणून सगळ्यांचं सगळं सगळ्यांकडे. माझ्या फोनमध्ये चार दूधवाले होते, त्यातला एक पुण्याचा. गिऱ्हाईक बसलेलं असताना मी एकदा घाईत त्यालाच अर्धा लिटर जास्त टाक म्हणून सांगितलं आणि दादाच्या दारात ते खरंच पडलं. धाकटी कपाशीवरच्या अळीचे व्हिडिओ पाहायची, ते दादाला कंपनीत दिसायचे. मोठ्या पडद्यावर काही दाखवायला त्याने एकदा आपला फोन जोडला, तर साहेबासमोर पहिल्यांदा गुलाबी बोंडअळी आली. दादाने ते आम्हाला हसत हसत सांगितलं. तेव्हा तो आम्हाला सगळं सांगायचा, असं मला वाटायचं.

खरं म्हणजे तो काहीच सांगायचा नाही. फोनवर विचारलं, कसा आहेस, तर 'बरं हाय'. पोरगा कसा आहे, 'बरं हाय'. दादा मला कळायचा तो फोटोंतून. चौघांपैकी कोणीही फोटो काढला की तो थोड्या वेळाने बाकी तिघांच्या फोनमध्ये येऊन बसायचा. पाठवायची गरज नाही, मागायची गरज नाही. दुपारी दोन ते चार चिखलीच्या बाजारात शुकशुकाट असतो. त्या वेळात मी गल्ल्यावर बसून चौघांचे फोटो एकाखाली एक पाहायची. धाकटीचे फोटो म्हणजे पानांवरचे डाग, कृषी केंद्रात दाखवायला काढलेले. माझे म्हणजे साड्यांचे काठ आणि ब्लाउजपिसांचे तुकडे, लाल रंगाचेच सतरा. आईचे म्हणजे तिचा अंगठा, ओसरीची फरशी, एकदा मांजराची शेपूट, आणि यातला एकही फोटो आपण काढला हे तिला माहीत नसायचं. दादाचा मात्र रोज एकच फोटो असायचा, जेवणाच्या डब्याचा. आई रोज विचारायची, जेवला का. रोज फोन करायला त्याला वेळ नव्हता, म्हणून त्याने ही युक्ती काढली होती. साडेबाराला डबा उघडायचा, फोटो काढायचा. आई एकला पाहायची, मग स्वतः जेवायला बसायची.

आखाजीला फोन उतरवण्याआधी आम्ही जागा करायला जुने फोटो काढून टाकायचो. माझे लाल तुकडे काढताना धाकटी खूप हसायची. दादाचे डबे मात्र आई काढू द्यायची नाही. त्या एका दुपारसाठी मी दोन-दोन वर्षं थांबायची, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही आणि आज सांगून उपयोग नाही.

रंग ओळखणं हा माझा धंदा आहे. राणी आणि डाळिंबी यातला फरक मला पिशवीतली साडी अर्धी बाहेर यायच्या आत कळतो. दादाच्या डब्याखाली कँटीनच्या टेबलाचा फिका निळा सनमायका असायचा, वर्षानुवर्षं तोच. एके दिवशी डब्याखाली हिरवट करडं काहीतरी दिसलं. कोटा फरशीचा रंग. मला वाटलं, कँटीनमध्ये नवीन टेबलं आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दादाने फोटो अगदी जवळून काढला होता, डब्याशिवाय काही दिसू नये असा, पण कोपरा राहून गेला होता. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी डब्याच्या झाकणावर गुलमोहराची बारीक पानं पडलेली दिसली. कँटीनच्या छताखाली गुलमोहर कुठून येणार? मी फोटो दोन बोटांनी ताणून ताणून पाहिला. वार शुक्रवार, वेळ साडेबारा आणि माझा भाऊ बागेतल्या बाकावर जेवत होता.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते आज मला चांगलं कळतं. मी त्यालाच फोन करायला हवा होता. पण तो 'बरं हाय' म्हणणार, हे मला माहीत होतं, आणि मला राग आला होता. आमच्यापासून लपवतो म्हणजे काय? आम्ही काय परके? मी धाकटीला फोन लावला, मग आईला लावला. माझा स्वभावच असा, डोक्यात आलं की तोंडातून गेलं. आईने माझं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मेहकरहून पुण्याच्या गाडीत बसली, सोबत पायलीभर ज्वारीचं पीठ. कोणाला न कळवता. संध्याकाळी दादाच्या दारात पोचली आणि वहिनीने दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "नोकरी गेली तं काय झालं वं? आपल्या घरी ज्वारी हाय."

वहिनीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दादा रोज सकाळी डबा घेऊन निघत होता, तिला वाटत होतं कंपनीतच जातो. त्याला नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते.

पुढे काय झालं ते मला धाकटीकडून कळलं, तिला आईकडून. वहिनी रडली, भांडली आणि दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. आई आठ दिवस राहून परत आली. दादा मला काही बोलला नाही. मीही मनात म्हटलं, बरं झालं, आपण वेळेवर कळवलं म्हणून आई जाऊ शकली. चार महिन्यांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि मी अगदी निश्चिंत झाले. डब्याचे फोटो तेवढे बंद झाले होते. आई जेवायच्या आधी फोन उघडायची, पाहायची आणि ठेवून द्यायची. दादाचे दुसरे काही फोटो अधूनमधून यायचे, तेही कमी होत गेले.

पुढच्या आखाजीला दादा आला. जेवणं झाली, मी सतरंजी टाकली, टाचणी काढली. दादाने खिशातून फोन काढला तो आयफोन. मागे चकचकीत, तीन डोळे असलेला. जुना कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, दुकानातच दिला, बदल्यात हा घेतला. धाकटी त्याचा फोन हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिली. मी मात्र तोंड सोडलं. गाव सोडलं, बोली सोडली, आता आमचा फोनही तुला चालेना, मोठा माणूस झालास, असं बरंच बोलले. त्याने कॅमेरा चांगला आहे, एवढंच उत्तर दिलं. आईने चहा आणला, मी टाचणी परत पदराला खोचली. त्या दुपारी काहीच कोणाकडे उतरलं नाही.

आयफोनला वेगळं खातं लागतं, म्हणून त्यानंतर आमच्या खात्यात आम्ही तिघीच उरलो. दादाचा शेवटचा फोटो एका खांबाचा होता. कुठल्यातरी मोठ्या इमारतीखाली गाडी लावली असावी आणि जागा लक्षात राहावी म्हणून खांबावरच्या आकड्याचा फोटो काढला असावा. पिवळा खांब, काळा आकडा. तो खांब मी किती वेळा पाहिला असेन, त्याला गणती नाही. त्याच्यापुढे आमचे ब्लाउजपीस, कपाशीची पानं आणि आईचा अंगठा हे सगळं चालूच राहिलं, पण त्यात पुण्याचं काही नव्हतं. मला दादाची आठवण यायची आणि ती नेमकी त्या दोन ते चारच्या वेळात यायची. फोन करावा तर 'बरं हाय'. त्या दोन शब्दांमध्ये कुठे गुलमोहराची पानं दिसणार?

त्या दिवसांत मला एक नादच लागला. दुकानात येणाऱ्या बाईला मी अस्तर फाडता फाडता विचारायची, तू कोणता फोन वापरते, का बदलला, का नाही बदलला. माणूस फोन कशासाठी सोडतो, हे मला समजून घ्यायचं होतं. कॉलेजच्या मुली कॅमेऱ्याचं सांगायच्या. एका शाळेतल्या बाईंनी सांगितलं, बोटांना सवय झाली, परत जायचं बटण जिथे आहे तिथेच पाहिजे, म्हणून त्या जन्मात अँड्रॉइड सोडणार नाहीत. नव्या लग्न झालेल्या एकीने बदलला, कारण सासरी सगळ्यांकडे आयफोन आणि आपण एकटीच वेगळी बसलो तर जावा हसतात. एका मुलीच्या आईने तर स्थळ सांगताना मुलगा इंजिनिअर आहे आणि आयफोन वापरतो, असं एका दमात सांगितलं. भाजीचं दुकान लावणारी एक बाई माझ्याकडे नेहमी येते. ती म्हणाली, "मले कोन विचारते वं? नवऱ्याचा जुना झाला का तो मले. त्यानं बदलला का माह्यावालाही बदलला." तिचं मला पटलं. पण यातलं एकही कारण माझ्या दादाला लागू होत नव्हतं. त्याला ना फोटोंची हौस, ना तोऱ्याची. अंगात सहा वर्षांपूर्वीचा शर्ट असतो.

माझा फोन शेवटी पार बंद पडला, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात जाऊन फोन घेतला. दुकानदार म्हणाला, ताई, नवीन खातं उघडून देऊ का, सगळं स्वच्छ राहील. मी म्हटलं, जुनंच घाला, आणि बैलाचं नाव सांगितलं. तो हसला. खांबापर्यंतचे सगळे फोटो हळूहळू परत आले आणि मगच मी दुकानाबाहेर पडले.

दोन आखाज्या अशाच गेल्या. तिसऱ्या आखाजीला दादाने मला परसात बोलावलं. मी धुतलेल्या परातीतलं पाणी झटकत गेले. त्याच्या हातात डबा होता, त्याच आयफोनचा. त्याने स्वतः नवा घेतला होता आणि हा मला आणला होता. रीतीप्रमाणे माझाच नंबर होता, म्हणून आणला, म्हणाला. मी डबा उघडला. फोन पुसून लख्ख केलेला होता, आत ना गजर, ना कोणाचं नाव, ना एक फोटो. सुरू केल्यावर तो जगातल्या सगळ्या भाषांत नमस्कार करायला लागला. दादा म्हणाला, यात तुझं स्वतःचं खातं उघड, वेगळं. चांगलं असतं.

मला रडू यायला लागलं होतं आणि रडू यायला लागलं की मी भांडते. मी म्हटलं, मला सांग, तू का गेलास? कॅमेऱ्याचं मला सांगू नकोस.

तो विहिरीच्या कठड्याला टेकला. मग बोलला, आणि इतकं सलग बोलताना मी त्याला फार वर्षांनी ऐकलं.

"तुह्या वहिनीले मी नोकरीचं रविवारी सांगनार होतो. सगळं ठरवून ठेवलं होतं, पोरगा क्लासले गेला का मंग सांगाचं. आई शनिवारी आली."

मी फोन परत डब्यात ठेवला. तो पुढे म्हणाला,

"तुमच्यावर रुसून नाही गेलो मी. पन जे काढलं ते चौघाइले दिसे. मले काही दिवस कोनालेच दिसाचं नव्हतं."

"मंग मले एकदा तरी म्हनाचं होतं," मी म्हटलं.

"काय म्हनू? पाहू नको म्हनू तुले?"

इतकी वर्षं मी समजत होते, की मी त्याला वाचवलं. एक दिवस. त्याला फक्त एक दिवस हवा होता आणि डब्याखालचा रंग ओळखून मी तो काढून घेतला. मी त्याची माफी मागितली, रडत रडत मागितली. तो म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं, आणि माझ्या हातातली परात घेऊन ओट्यावर ठेवली.

फोन मी परत केला. रागाने नाही. मी त्यात गेले असते, तर धाकटी आणि आई दोघीच मागे राहिल्या असत्या, आणि आईच्या फोनमध्ये मी दिसेनाशी झाले असते. मला ते जमलं नसतं. मी दादाला एवढंच म्हटलं, की हा फोन मला मोठा होतो, हातात मावत नाही. त्याला कळलं असावं. त्याने तो आपल्या पोराला दिला.

याला आता वर्ष होऊन गेलं. मी त्याला फोन करते, तो बरं हाय म्हणतो, मी पुढचं विचारत नाही. न विचारणं मला फार कष्टाने जमलं आहे. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं म्हणजे उपास करण्यासारखं आहे, दिवसभर त्याचीच आठवण.

आणि मध्यंतरी एक गोष्ट झाली. मूग तोडायचे दिवस होते. धाकटी आईकडे गेली होती आणि तिने अंगणात शेंगा सोलत बसलेल्या आईचा फोटो काढला. सकाळी चहा पिताना तो मला दिसला. आई खाली मान घालून बसली होती, बाजूला सालांचा ढीग. मूग चांगला आलेला दिसतो, एवढं मनात आलं आणि मी दुकान उघडायला गेले. दुपारी तीनच्या सुमाराला दादाचा फोन आला. तो आपणहून सहसा करत नाही. इकडचं तिकडचं झालं, पाऊसपाणी झालं, पोराची परीक्षा झाली आणि मग तो म्हणाला, "आईच्या चष्म्याची दांडी तुटली वाटते. दोरा बांधला तिनं. तू चिखलीत करून दे न."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग तो सकाळचा फोटो उघडला, दोन बोटांनी ताणला, आणखी ताणला, तेव्हा कुठे कानाजवळ बांधलेला काळा दोरा दिसला. रंग ओळखण्यात जन्म घालवलेल्या मला तो सकाळी दिसला नव्हता. मी आईला फोन लावला. तिने चष्म्याचं कोणालाच सांगितलं नव्हतं. तुला कोणी सांगितलं, म्हणून तिनेच मला उलटं विचारलं आणि दादाचा आठ दिवसांत फोन नाही, अशी तक्रारही केली. धाकटीला विचारलं, तर तिच्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

दुकानात त्या वेळी एक कॉलेजची मुलगी दुपट्ट्याला लेस पाहत होती. तिच्या हातात आयफोन होता. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, यात जुन्या फोनचं खातं उघडता येतं का गं? ती म्हणाली, हो काकू, येतं की. आपलं काही त्यात जाऊ द्यायचं नाही असंही करता येतं, नुसतं त्यांचं पाहता येतं.

मुलगी लेस घेऊन गेली. मी गल्ल्यावर बसून राहिले. म्हणजे इतकी वर्षं माझे ते लाल तुकडे, धाकटीची पानं आणि आईची फरशी तो पाहत होता. आम्ही त्याला दिसत होतो. मी उठून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मी दादाचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. मग धाकटीचा लावला, तोही कापला. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ इतकी मोठी बातमी होती आणि ती मी कोणालाही सांगितली नाही. अजूनही धाकटीला माहीत नाही, आईलाही नाही. सांगितलं असतं तर आई दुसऱ्या दिवशीपासून त्या फोटोंशी बोलायला लागली असती, आणि त्याला पुन्हा कुठेतरी जावं लागलं असतं.

मला स्वतःचे फोटो काढायची सवय नाही. त्या दिवशी मी कॅमेरा उलटा केला, मागे अस्तराचे ठाण, पुढे मी. भांगात केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. तीन काढले, त्यातले नीट आलेले दोन पुसून टाकले आणि खरा होता तो ठेवला. तेव्हापासून दुकान उघडलं की रोज एक काढते. मला त्याचे फोटो अजून हवे आहेत, फार हवे आहेत, आणि ते येणार नाहीत हेही मला माहीत आहे. पण माझे त्याच्याकडे जातात. आता कोणी मला विचारलं, की हा जुनाट फोन का धरून बसली आहेस, तर मी म्हणते, सवय झाली.

आईला चिखलीला आणून नवा चष्मा केला. तो झाल्याचं कळवायला मी दादाला फोन केला. बोलता बोलता तो म्हणाला, "दुपारची घडीभर पडत जाय वं तू. डोळे सुजल्यावानी दिसतात तुहे."

तो बोलला आणि एकदम थांबला. आम्ही शेवटचे भेटलो होतो आखाजीला. पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते, इकडे माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. पडत जाईन, मी म्हटलं. मग मी त्याला आईच्या डोळ्यांचा नंबर सांगितला आणि त्याने तो लिहून घेतला.